कासव गारठलंय की आजारी आहे?

डिसेंबर लागला की जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या पेट शॉपमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं. टाकीच्या तळाशी डोळे मिटून पडलेल्या कासवाकडे गिऱ्हाईक बोट दाखवतं आणि दुकानदार म्हणतो, "काही नाही भाऊ, थंडीमा जपेल शे," म्हणजे थंडीत झोपलंय. बऱ्याचदा तो खरंच बोलत असतो. पण न्यूमोनिया झालेलं कासवही लांबून तसंच दिसतं, आणि 'झोपलंय' म्हणून घरी आणलेलं पिल्लू कधी कधी संक्रांतही बघत नाही.

बोलतोय ते दुकानात सर्रास मिळणाऱ्या हिरव्या कासवाबद्दल, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडरबद्दल. डोळ्यामागे लाल पट्टा, मूळ गाव अमेरिकेतलं मिसिसिपीचं खोरं. (पाठीवर मधोमध टोकदार कणा वर आलेला दिसला, तर ते बहुधा देशी कासव. ते विकणं आणि पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तिथे खरेदी करू नका, वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा.)

सरपटणाऱ्या प्राण्याचं अंग भोवतालच्या तापमानावर चालतं. पाणी साधारण १५ अंशांच्या खाली गेलं की स्लायडर खाणं सोडतो, हालचाल मंदावते. मिसिसिपीकडे तो हिवाळा असाच तळ्याच्या तळाशी काढतो, पण तिथली थंडी सलग असते आणि त्याचं पोट आधीच रिकामं झालेलं असतं. आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या आसपास आणि दुपारी तिशीला. दुपारी टाकी कोमट होते, कासव हलायला लागतं, मालक खूश होऊन दाणे टाकतो. रात्री पाणी पुन्हा गार. खाल्लेलं पचत नाही, पोटातच कुजतं, आणि रोगाशी लढायची ताकदही थंडीनं मंदावलेली असते. त्यामुळे गारठणं हा आजार नसला, तरी असे आठ-पंधरा दिवस गेले की आजार फार लांब राहत नाही. दुकानदाराच्या त्या वाक्यात मला खुपतं ते हेच.

आता जवळ जाऊन बघा. नुसतं गारठलेलं कासव तळाशी सरळ बसलेलं असतं, दोन्ही बाजू सारख्या. पायाला हलकं बोट लावलं तर सावकाश का होईना, पाय आत ओढतं. डोळे मिटलेले असले तरी पापण्या सपाट, आणि नाकपुड्या स्वच्छ. आजारी कासव बहुतेक वेळा तळाशी जातच नाही. एका बाजूला कलून तरंगतं, कारण एका फुप्फुसात पाणी झालं की ती बाजू जड होते. बुडी मारायला गेलं तरी पुन्हा वर येतं. पाण्याबाहेर काढून मिनिटभर नाकाकडेच बघत राहा: श्वासागणिक नाकपुडीत बारीक बुडबुडा फुगतो आणि फुटतो. काही कासवं मान वर ताणून, तोंड उघडून श्वास घेतात. एवढं दिसलं तर वाट बघू नका. पाण्यात डोकं घालताना एखादा बुडबुडा निघणं मात्र नेहमीचंच. तसंच दगडावर ऊन खाताना मागचे पाय लांब पसरून निपचित पडणं. नव्या मालकांचा जीव त्यानेच जास्त वर-खाली होतो.

सुजलेल्या पापण्यांची गोष्ट वेगळी. वर्षभर नुसते सुके झिंगे किंवा भात-पोळी खाऊ घातली की अ जीवनसत्त्व कमी पडतं, डोळे सुजतात, आणि नजरेनं अन्न शोधणारा हा प्राणी उपाशी राहतो. लोक त्यालाही थंडीच समजतात. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला सुरू करा, पण जीवनसत्त्वाचे थेंब मनाने पाजू नका. जास्त झालं तर कातडी सोलून निघते.

शंका राहिलीच तर उबेची परीक्षा घ्या. माशांच्या टाकीचा हीटर आणि थर्मामीटर आणा, काही तासांत पाणी हळूहळू २६-२७ अंशांवर न्या. गीझरचं पाणी एकदम ओतू नका. बसायच्या दगडावर दिवा लावून तिथे ३०-३२ अंश ठेवा. गारठलेलं कासव दिवस-दोन दिवसांत पोहायला लागतं आणि दाण्यावर तुटून पडतं. आजारी कासव उबेतही खात नाही. मोठं कासव काही दिवस उपाशी राहिलं तरी तग धरतं, पण रुपयाएवढ्या पिल्लाच्या बाबतीत दोन दिवसांपलीकडे थांबू नये.

ऊन दाखवायचं तर काचेतून नको. हाडांना आणि कवचाला लागणारे अतिनील-बी किरण काच अडवते. सकाळी बाहेर ठेवा, अर्ध्या टबावर सावली करून. आणि हे हिवाळ्यापुरतंच. मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, प्लास्टिकच्या टबातलं पाणी बघता बघता जीवघेणं तापतं.

डॉक्टर शोधताना पक्षी आणि कासवं बघणारे कोण, ते आधी फोनवर विचारून घ्या. आपल्या तालुक्यांत बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशींचे, आणि गुरांना सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवांना विषासारखं बाधतं. हे नाव आठवणीनं बोला. न्यूमोनियाला बहुधा प्रतिजैविकाची इंजेक्शनं लागतात, ती पुढच्या पायात देतात, आणि एका इंजेक्शनात काम भागत नाही.

वाचत नाही असं वाटलं म्हणून कासव तापीत किंवा मेहरूण तलावात सोडू नका. मेलं नाही तर तिथल्या देशी कासवांच्या अन्नावर आणि ऊन खायच्या जागांवर हक्क सांगेल, आणि सोबत रोगही नेईल.

दवाखान्यात नेताना बादलीत पाणी भरून नेऊ नका. अशक्त कासव त्यातच बुडू शकतं. झाकणाला भोकं पाडलेला डबा, तळाला ओलसर फडकं आणि गार वारा लागणार नाही एवढी काळजी पुरे. घरी आलात की साबणानं हात धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला १९७५ मध्ये बंदी आली, ती लहान मुलांना त्यामुळेच होणाऱ्या जुलाबांमुळे.