खांबाला कार्बन कापड गुंडाळण्याआधी

स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळ इबाख पूल आहे. सिग्नल बसवण्यासाठी भोकं पाडताना त्याच्या काँक्रीटमधल्या ताणलेल्या पोलादी तारा चुकून कापल्या गेल्या. दुरुस्तीला पोलादी पट्ट्या वापरल्या असत्या तर 175 किलो लागल्या असत्या. 1991 मध्ये तिथे कार्बन तंतूंच्या पट्ट्या चिकटवल्या. त्यांचं वजन भरलं 6.2 किलो! आज मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांनाही दुरुस्तीसाठी 'कार्बन रॅपिंग', म्हणजे खांबांना कार्बन तंतूंचं कापड गुंडाळणं, सुचवलं जातं. तंत्र खरोखर उत्तम आहे, पण ते आतल्या सळयांच्या गंजावरचा इलाज नाही.

चांगल्या काँक्रीटचा सामू (pH) 12 ते 13 असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपत हा सामू उतरवतो. खाऱ्या वाऱ्यातली क्लोराइडं तर सामू न उतरवताही तो थर फोडतात. मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा गंज व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं आणि पोपडे पडतात. नुकत्याच फोडलेल्या भागावर फिनॉल्फथॅलिन फवारलं की निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होतं. सामू उतरलेला भाग मात्र मूळचा करडाच राहतो. क्लोराइड या चाचणीत दिसत नाही, ते वेगळं तपासावं लागतं.

कापड काय करतं? भार वाढला की कॉलम बाजूंना फुगू पाहतो. आडव्या तंतूंचं, इपॉक्सीत (सुकून कडक होणाऱ्या चिकट रसायनात) भिजवलेलं वेष्टन त्याला आवळून धरतं, बैलगाडीच्या चाकावर बसवलेल्या लोखंडी धावेसारखं. गोल कॉलमला हा दाब सगळीकडून सारखा मिळतो. आपल्या इमारतींतले कॉलम बहुतेक आयताकृती. तिथे दाब कोपऱ्यांशी एकवटतो, सपाट बाजू जवळपास मोकळ्याच राहतात. म्हणून कोपरे घासून गोल करायचे, नाहीतर धारेवर तंतू तुटतात.

पण त्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं, आणि नेमकी तिथेच काटकसर होते. टेकू लावायचे, हातोडीने ठोकून बद्द आवाज येणारं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडायचं, गंज घासून काढायचा, झिजलेल्या सळईला नवी जोड द्यायची, पॉलिमर मोर्टारने भरून घ्यायचं. मग प्रायमर, पुट्टी आणि कापड. रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. चिकटवलेली चकती ओढून पकड तपासतात, ती किमान 1.4 मेगापास्कल हवी. खारावलेल्या काँक्रीटवर तसंच कापड चढवलं, तर आत ओल अडकते, गंज चालूच राहतो आणि वरून काहीच दिसत नाही. दुरुस्ती न करण्यापेक्षा हे वाईट.

आगीचा विचारही कोटेशनमध्ये क्वचितच असतो. साइटवर सुकवलेलं नेहमीचं इपॉक्सी साधारण 60 ते 80 अंश सेल्सिअसला मऊ पडतं. आगीत कापड निकामी झालं असं धरून, उरलेला कॉलम इमारतीचा रोजचा भार पेलेल का, याचा हिशेब सोसायटीने अभियंत्याकडून लेखी मागून घ्यावा.