कमी गुणांची शाळा आणि कमी शिकवणारी शाळा

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांमधल्या शाळांबद्दल बोलताना दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. मुलांना गुण कमी पडतात, ही एक. शाळा नीट शिकवत नाही, ही दुसरी. पहिली दिसली की लोक दुसरी गृहीतच धरतात.

समजा, सहावीत एक मुलगी आली. तिसरीचं पुस्तक ती अडखळत वाचते. भाडं थकलं म्हणून घर तीनदा बदललं, घराबरोबर शाळाही. बाई वर्षभर तिच्या शेजारी बसल्या आणि वर्षअखेर ती पाचवीचा धडा वाचू लागली. एका वर्षात दोन वर्षांची मजल! पण परीक्षा सहावीची, त्यामुळे नापासच. सुखवस्तू उपनगरातली मुलगी मात्र तयारीनिशी आली, वर्षभरात जेमतेम पुढे सरकली, तरी पास.

२००२ चा ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा मुळात गुणांची पातळीच बघत होता. २०१४ पर्यंत सगळी मुलं ठरलेल्या पातळीवर हवीत. गरीब मुलांसाठीचा केंद्रीय निधी घेणाऱ्या शाळेचं उद्दिष्ट सलग दोन वर्षं हुकलं की तिच्यावर ‘सुधारणा आवश्यक’चा शिक्का. मूल कुठून निघालं, याची दखलच नाही. मला हा उघड अन्याय वाटतो. त्याच्या जागी आलेल्या २०१५ च्या कायद्याने प्रगती मोजायला वाट करून दिली.

शिकागोचे २००९ ते २०१४ चे गुण स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी तपासले. तिसरीत तिथली मुलं देशाच्या सरासरीच्या मागे होती, पण पुढच्या पाच वर्षांत ती सहा वर्षांइतकं शिकली. तिसरीपर्यंतची दरी बरीचशी घर, आजारपण आणि बालवाडीचा अभाव यांनी पाडलेली असते.

अर्थात, खरोखर कमी शिकवणाऱ्या शाळाही आहेत. शाळांचा बराच पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. वस्ती गरीब, तर तिजोरीही हलकी. या तफावतीने संघराज्याच्या घटनेचा भंग होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं. न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे दोन्ही दुखणी वेगवेगळी हाताळली: १९९० मध्ये गरीब शहरी शाळांवर श्रीमंत उपनगरांइतका खर्च करायला लावला आणि १९९८ मध्ये त्याच भागांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बालवाडीचा आदेश दिला.