कडाक्याच्या थंडीत पायरॅनोमीटरची अचूकता तपासणं

जमिनीवर किती ऊन पडतंय हे मोजायचं यंत्र म्हणजे पायरॅनोमीटर. हेच यंत्र उणे ३०-४० अंशात नेऊन ठेवलं तर त्याचा आकडा कितपत खरा धरायचा, हे तपासायच्या पद्धतींबद्दलची ही नोंद.

यंत्राची रचना तशी साधीच आहे. काळा रंग दिलेली एक चकती, तिच्याखाली थर्मोपाइल (तापमानातल्या फरकाचं व्होल्टेज करणारा सेन्सर) आणि वर एकात एक बसवलेले काचेचे दोन घुमट. ऊन पडलं की चकती तापते आणि खालच्या बॉडीपेक्षा ती जेवढी जास्त गरम तेवढं व्होल्टेज मिळतं, तेही अगदी किरकोळ, चौरस मीटरला १ वॅट उन्हामागे साधारण १० मायक्रोव्होल्ट. थंडीत थर्मोपाइलची सेन्सिटिव्हिटी बदलते, म्हणजे ऊन तेवढंच असूनही व्होल्टेज वेगळं येतं. हे लॅबमध्ये तपासता येतं. यंत्र कोल्ड चेंबरमध्ये ठेवायचं, खिडकीतून एकसारखा प्रकाश देणारा दिवा त्याच्यावर रोखायचा, तापमान टप्प्याटप्प्यानं उतरवत न्यायचं आणि प्रत्येक टप्प्यावरचं रीडिंग २० अंशाच्या रीडिंगशी ताडून बघायचं. आयएसओ ९०६० या स्टँडर्डच्या २०१८ च्या आवृत्तीप्रमाणे ए क्लासच्या, म्हणजे सगळ्यात अचूक वर्गातल्या, यंत्रात हा फरक १ टक्क्याच्या आत लागतो, पण ही अट फक्त उणे १० ते अधिक ४० अंशापुरती आहे! लेहला जानेवारीत पारा याच्याही खाली जातो, ध्रुवाकडची तर गोष्टच सोडा. त्यामुळे तिकडे पाठवायचं यंत्र असेल तर उणे ४० पर्यंतची टेस्ट वेगळी मागून घ्यावी लागते आणि बॉडीतल्या तापमान सेन्सरवरून करेक्शन लावतात.

पण खरी गोम चेंबरच्या बाहेर आहे. घुमटाला वर मोकळं, कोरडं, प्रचंड थंड आकाश दिसतं, त्याच्याकडे उष्णता फेकून काच बॉडीपेक्षा थंड पडते, मग चकतीची उष्णता काचेकडे जाते आणि रात्री, ऊन शून्य असताना, यंत्र चक्क मायनसमध्ये आकडा दाखवतं. याला झिरो ऑफसेट म्हणतात, ए क्लासला ७ वॅटपर्यंत चालतो. बरेच जण सॉफ्टवेअरमध्ये मायनस आकड्यांचं सरळ शून्य करून टाकतात. माझ्या मते ही शुद्ध झाकपाक आहे, कारण तीच चूक दिवसाही असते, फक्त उन्हात लपते.

त्यात ध्रुवाकडे सूर्य कायम खालीच. दक्षिण ध्रुवावर तो साडेतेवीस अंशाच्या वर चढतच नाही. सूर्य क्षितिजापासून १० अंशावर असताना यंत्र त्याच्या दिशेला नुसतं १ अंश कललं तरी थेट उन्हाचा आकडा जवळजवळ १० टक्क्यांनी वाढतो, आणि बर्फावर रोवलेला स्टँड हलायला वेळ लागत नाही. म्हणून फील्डवर एकट्या यंत्रावर विश्वास ठेवत नाहीत. सूर्यामागे फिरणाऱ्या ट्रॅकरवरच्या पायरहेलिओमीटरनं थेट ऊन मोजायचं, सावलीत धरलेल्या दुसऱ्या पायरॅनोमीटरनं आकाशातून विखरून येणारं मोजायचं, थेट उन्हाचा आडव्या पृष्ठभागावर पडणारा भाग सूर्याच्या उंचीवरून काढून दोन्हीची बेरीज करायची आणि ती तपासायच्या यंत्राशी जुळते का बघायचं. या सगळ्याचं मूळ माप स्वित्झर्लंडमधल्या दावोसला सांभाळलेलं आहे, तिथे दर ५ वर्षांनी देशोदेशीची यंत्रं शेजारी शेजारी मांडून तुलना होते. आशियातल्या प्रादेशिक रेडिएशन केंद्रांपैकी एक आपल्या पुण्यातच हवामान खात्याकडे आहे.

आता बर्फ. घुमटावर दव गोठलं किंवा हिम चिकटलं की बाकीच्या सगळ्या चुका किरकोळ वाटायला लागतात. याची मोठी टेस्ट अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि समुद्राच्या सरकारी संस्थेनं अलास्कात उतकियाग्विकला (जुनं नाव बॅरो) ऑगस्ट २०१७ ते जुलै २०१८ घेतली, नाव डी-आइस. २० पायरॅनोमीटर आणि इन्फ्रारेड मोजणारे ५ पायरजिओमीटर वेगवेगळ्या व्हेंटिलेटरमध्ये (घुमटावर पंख्यानं हवा सोडणारी खोकी, काहींत हीटरही) बसवले, त्यांच्यावर कॅमेरे लावले आणि घुमटांचे १० लाखांवर फोटो साठवले, म्हणजे कुठला आकडा बर्फाखालचा आणि कुठला स्वच्छ काचेचा हे डोळ्यांनी ठरवता आलं. बर्फामुळे उन्हाचा आकडा २११ वॅटनं कमी ते १८८ वॅटनं जास्त असा दोन्हीकडे चुकला. जास्त कसा, तर सूर्य खाली असला की काचेवरचं बर्फ बाजूनं येणारा प्रकाश चकतीकडे वळवतं. बर्फ धरण्यासारखी हवा असताना या व्हेंटिलेटर-हीटरनी सरासरी ७७ टक्के वेळ काच स्वच्छ ठेवली, बऱ्याच सिस्टिमनी तर ९० टक्क्यांच्या वर. गंमत म्हणजे हीटर नसलेला नुसता पंखासुद्धा बऱ्यापैकी काम करून गेला, पंख्यातून जाताना हवा सुमारे ०.६ अंश तापते आणि तेवढंही बऱ्याचदा पुरतं. महिन्याच्या सरासरीत मात्र बर्फाची चूक बहुतेक वेळा इतर नेहमीच्या अनिश्चिततेपेक्षा कमीच निघाली.

कॅमेरा नसेल तर एक सोपी खूण आहे. जमिनीवरून परत फिरलेलं ऊन मोजायला खाली तोंड करून लावलेल्या दुसऱ्या यंत्रावर बर्फ कमी धरतं, म्हणून परत फिरलेलं ऊन वरून आलेल्या उन्हापेक्षा जास्त दिसायला लागलं की आधी वरचा घुमट पुसून बघायचा. हीटर मात्र जोरात लावून चालत नाही, कारण त्याची उष्णता एकसारखी पसरली नाही तर घुमट आणि बॉडीच्या तापमानात नवा फरक पडतो आणि ऑफसेट परत येतो. त्यासाठी रात्री हीटर चालू-बंद करून शून्य किती सरकतं ते नोंदवतात.