पारा ४५, नकाशावर ५५ : चंद्रपूरचं खरं तापमान कोणतं?

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, याचं विदर्भात कुणाला नवल नाही. पण त्याच सुमारास दुर्गापूर, घुग्घुसच्या खाणींवर ५५ अंश दाखवणारा लालभडक उपग्रह नकाशा मोबाइलवर फिरू लागतो आणि हवामान खातं खरा आकडा दडवतंय, अशी ओरड सुरू होते. दडवत कुणी नाही. भारतात हवेचं सर्वाधिक अधिकृत तापमान ५१ अंश, तेही राजस्थानात फलोदीला, १९ मे २०१६ रोजी. नकाशातले ५५ हवेचे असते, तर तो विक्रम कधीच मोडला असता!

हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत असतो. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, दार उत्तरेला, म्हणजे आत ऊन शिरत नाही आणि वारा खेळता राहतो. तिथे मोजली जाते ती सावलीतली हवा.

उपग्रह मात्र जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता टिपतो. म्हणजे कोळशाचा थर, मुरूम, डांबर, टिनाचं छप्पर यांचं स्वतःचं तापमान. काळा कोळसा ऊन पिऊन घेतो. खाणीलगतच्या ओबीच्या, म्हणजे कोळशावरून उपसून टाकलेल्या माती-दगडाच्या, डोंगरांवर झाड नाही, ओल नाही. पाण्याची वाफ होताना जो गारवा मिळतो तोही नाही. गंमत म्हणजे पानगळ झालेलं ताडोबाचं जंगलही मेमध्ये नकाशावर बऱ्यापैकी तापलेलं दिसतं. इरई धरणाचं पाणी तेवढं निळं राहतं.

खरा घोटाळा होतो तो अनेक वर्षांचा कल काढताना. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या जुन्या चित्रांत जिथे कपाशीचं शेत होतं, तिथे आज खुली खाण असेल, तर त्या तुकड्याचं तापमान एकदम उडी मारतं. ही उडी हवामानबदलाची नाही, जमिनीचा वापर बदलल्याची आहे. उद्या खाण बुजवून झाडं जगवली, तर तोच तुकडा थंड होईल. हवेचा कल इतका नाट्यमय नसतो: १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. एका केंद्राच्या नोंदीत एवढी वाढ ओळखायला कित्येक दशकं लागतात. त्यात केंद्राची जागा हलली किंवा भोवती शहर वाढलं, तर तेही वजा करावं लागतं.

उपग्रहाच्या सरासरीतही एक मेख आहे. ढगांआडची जमीन त्याला दिसत नाही, त्यामुळे पावसाळा हिशेबातून जवळपास गळतो. शिवाय लँडसॅट सकाळी साडेदहाच्या आसपास येऊन जातो. दुपारचा कहर त्याच्या वाट्याला येतच नाही.

म्हणून उपग्रहाला नावं ठेवायचं कारण नाही. झारखंडमध्ये झरियाच्या कोळशाला १९१६ पासून आग लागलेली आहे. ती जमिनीखाली कुठवर सरकली, हे शोधायला जमिनीचंच तापमान लागतं. ओबीवर लावलेली झाडं खरंच जगली का, हे तपासतानाही तेच बघावं. पण उष्माघाताचा इशारा द्यायचा की नाही, हे त्या लाकडी पेटीतल्या आकड्यावरूनच ठरवायला हवं.