हॉकी हॉल ऑफ फेम, टोरंटो : निवृत्त खेळाडूचं नाव कसं सुचवायचं?

टोरंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे दिग्गजांच्या सन्मानयादीसाठी (इथली हॉकी म्हणजे बर्फावरची) सामान्य चाहत्यालाही नाव सुचवता येतं. पण सुचवलेलं नाव म्हणजे उमेदवारी नव्हे. निवड समितीतल्या एखाद्या सदस्याने ते उचललं, तरच ते मतदानाला येतं.

आधी पात्रता तपासा. शेवटच्या व्यावसायिक किंवा आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर किमान तीन हंगाम उलटलेले हवेत. निवृत्तीच्या घोषणेची तारीख इथे धरत नाहीत. जो थॉर्नटनने निवृत्ती जाहीर केली २०२३ मध्ये, पण शेवटचा सामना खेळला २०२२ मध्ये. म्हणूनच २०२५ मध्ये त्याची निवड होऊ शकली. यारोमिर यागर २०१८ मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधून बाहेर पडला, पण मायदेशी, चेक प्रजासत्ताकात, क्लाद्नो या संघाकडून खेळत राहिला, त्यामुळे त्याचे हंगाम मोजायला सुरुवातच झाली नाही. पूर्वी काही दिग्गजांना ही अट माफ झाली होती. १९९९ मधला वेन ग्रेट्झकी त्यातला शेवटचा.

सूचना लेखी हवी आणि १५ मार्चपर्यंत पोहोचायला हवी. समिती खेळातलं कौशल्य, खिलाडूवृत्ती, चारित्र्य आणि संघाला व खेळाला दिलेलं योगदान पाहते. मजकूर त्याच क्रमाने मांडावा. हंगामवार सामने, गोल, असिस्ट (गोलसाठी दिलेले पास), प्लेऑफ (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या), ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांमधली कामगिरी, पुरस्कार आणि शेवटच्या सामन्याची तारीख एका तक्त्यात द्या. नुसत्या गोलसंख्येवर भर देऊ नका, बचावपटू आणि गोलकीपर त्यात मार खातात. सह्यांची मोहीम तर अजिबात नको: सूचना प्रामाणिक, गोपनीय आणि कोणत्याही प्रचाराचा भाग नसलेली असावी, असा नियमच आहे.

समितीत १८ सदस्य असतात. एका गटात (उदाहरणार्थ, खेळाडू) प्रत्येकाला वर्षाला एकच नाव देता येतं. मतदान गुप्त, आणि निवडीसाठी हजर सदस्यांपैकी ७५ टक्के मतं लागतात. सगळे हजर असतील तर १४. म्हणजे पाच जणांनी नाकारलं की नाव पडलं. वर्षाला जास्तीत जास्त चार पुरुष आणि दोन महिला खेळाडू घेतले जातात. महिलांचा स्वतंत्र गट झाला तो थेट २०१० मध्ये, अँजेला जेम्स आणि कॅमी ग्रॅनाटो यांच्यापासून. आमच्या मते हे फार उशिरा झालं.

कोणाला किती मतं पडली हे जाहीर होत नाही. १९९२-९३ च्या हंगामात ७६ गोल करणारा अलेक्झांडर मोगिल्नी २००९ मध्ये पात्र ठरला आणि निवडला गेला २०२५ मध्ये. इतकी वर्षं का लागली, हे समितीने सांगितलं नाही. नाव राहून गेलं, तर पुढच्या १५ मार्चपूर्वी नवी सूचना पाठवा.