सिस्टीम कॉल इंटरफेस

सिस्टीम कॉल इंटरफेस : ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असलेला कर्नल आणि त्याच्या आधाराने चालणारे प्रोग्राम यांच्यामधली अधिकृत खिडकी. फाइल उघडणे, पडद्यावर अक्षर उमटवणे, जास्तीची मेमरी मिळवणे, नेटवर्कवर माहिती धाडणे, दुसरा प्रोग्राम सुरू करणे यांतले काहीही प्रोग्रामला स्वतःच्या हाताने करता येत नाही. त्यासाठी कर्नलकडे अर्ज करावा लागतो आणि तो अर्ज म्हणजे सिस्टीम कॉल. कोणते अर्ज स्वीकारायचे, त्यांत कोणते रकाने ठेवायचे, नकार कसा कळवायचा हे ठरवणे म्हणजे या इंटरफेसची रचना. एखादा कॉल लिहायला एक दुपार पुरते. पण तो एकदा लोकांच्या हाती गेला की परत घेता येत नाही, आणि या विषयातली सगळी अवघड दुखणी तिथून सुरू होतात.

नाशिक जिल्ह्यात हे समजावताना तलाठ्याच्या दप्तराइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. निफाडच्या शेतकऱ्याला जमिनीचा उतारा मिळतो, मूळ दप्तर मिळत नाही. वारसाची नोंद लावायची तरी तो स्वतः पेन घेऊन नोंदवहीत लिहीत नाही. तो अर्ज देतो, फेरफार धरला जातो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यावर अंमल होतो. शिवाय महसुलाचे गाव नमुने १ ते २१ अशा क्रमांकांनी ओळखले जातात. त्यातल्या ७ आणि १२ यांचे तर आकडेच नाव होऊन बसले. तलाठ्याचे पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले, नमुन्यांचे क्रमांक मात्र हलले नाहीत. वाढ करायची ती क्रमांकाशेजारी अक्षर लावून : ६अ, ६क, ८अ. कर्नलची रीतही जवळपास हीच.

प्रोसेसरला किमान दोन अवस्था असतात. कर्नल पूर्ण अधिकाराच्या अवस्थेत चालतो, प्रोग्राम मर्यादित अधिकाराच्या. (एक्स८६ प्रोसेसरमध्ये अशा चार पातळ्या आहेत, लिनक्स आणि विंडोज त्यांतल्या दोनच वापरतात.) साधे फंक्शन (प्रोग्राममधला, नावाने बोलावता येणारा तुकडा) बोलावतात तसे कर्नलचे फंक्शन बोलावू दिले, तर प्रोग्राम तपासणीचा भाग ओलांडून थेट मधल्या ओळीवर उडी मारेल. म्हणून एक खास सूचना असते. ती दिली की अधिकार वाढतो, पण अंमल कर्नलने आधी ठरवून ठेवलेल्या पत्त्यावरच जातो. ६४ बिट एक्स८६वर या सूचनेचे नाव सिस्कॉल, एआरएमवर एसव्हीसी, रिस्क-व्हीवर ईकॉल. अधिकाराची ही विभागणी जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली सुरू झालेल्या अ‍ॅटलस संगणकात ‘एक्स्ट्राकोड’ नावाच्या सूचनांमधून प्रोग्राम सुपरवायझरकडून, म्हणजे त्या काळच्या कर्नलकडून, कामे करून घेत असत. आजचे बहुतेक कॉल ज्या घराण्यातले आहेत ते युनिक्स (एक जुनी ऑपरेटिंग सिस्टीम) बेल प्रयोगशाळेत घडले. १९७१च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतले ओपन, रीड, राइट, क्लोज आजही त्याच नावांनी चालतात.

अर्जाचा नमुना अगदी आखूड. ६४ बिट लिनक्समध्ये कॉलचा क्रमांक आरएएक्स या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात) ठेवायचा आणि जास्तीत जास्त सहा अर्गुमेंट (अर्जातल्या रकान्यांत भरायची माहिती) आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आर१०, आर८, आर९ या क्रमाने द्यायची. साध्या फंक्शनला चौथे अर्गुमेंट आरसीएक्समधून जाते, मग इथे आर१० का? कारण सिस्कॉल ही सूचना परतीचा पत्ता आरसीएक्समध्येच लिहून ठेवते. तिथे ठेवलेले अर्गुमेंट पुसले जाते. उत्तर आरएएक्समध्ये येते आणि ते -१ ते -४०९५ यांपैकी असेल तर तो नकार समजायचा. रीड ०, राइट १, ओपन २, क्लोज ३. मात्र ३२ बिट एक्स८६वर रीड ३ आणि राइट ४ आहे. प्रोसेसरचे घराणे बदलले की क्रमांक बदलू शकतात, पण त्या घराण्यात एकदा बसलेला क्रमांक तिथेच राहतो. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा याबाबतचा नियम कडक आहे : कर्नलमधल्या बदलामुळे चालू प्रोग्राम बंद पडला, तर चूक कर्नलची.

रचनेतली खरी परीक्षा फ्लॅगची असते. फ्लॅग म्हणजे अर्जावरचे ‘लागू असल्यास खूण करा’ हे चौकोन. ओपन या कॉलने एक गफलत केली. अनोळखी चौकोनात खूण दिसली तर अर्ज फेटाळायचा, हे त्याने केले नाही. दुर्लक्ष करून फाइल उघडून दिली. वरवर पाहता हा उदारपणा. पण पुढे नवा फ्लॅग आणायची वेळ आली तेव्हा प्रोग्रामला कळेना की आपली विनंती मानली गेली की जुन्या कर्नलने ती नुसतीच गिळली. तात्पुरत्या, बिननावाच्या फाइलसाठी फ्लॅग आणताना तर तो जुन्या कर्नलवर हटकून अयशस्वी ठरेल अशा बेताने डिरेक्टरीच्या फ्लॅगशी जोडून घडवावा लागला. शिवाय एवढ्या वर्षांत कुणीतरी चुकून नको तिथे खूण केलेले प्रोग्राम चालू असणारच. आज कडक तपासणी लावली तर ते मोडतील. म्हणून ओपन आहे तसाच ठेवून २०२०मध्ये लिनक्स ५.६सोबत ओपनअ‍ॅट२ आला. तो अनोळखी खूण दिसताच नकार देतो. रकाने एका स्ट्रक्चरमध्ये (मेमरीतल्या एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात) घेतो आणि त्या स्ट्रक्चरचा आकारही प्रोग्रामकडून मागून घेतो. उद्या रकाने वाढले तर आकारावरून जुना अर्ज कोणता, नवा कोणता हे ओळखता येते. नव्या नमुन्यातला अर्ज जुन्या कर्नलकडे गेला तर जास्तीचे रकाने कोरे आहेत का एवढेच तो पाहतो. कोरे नसतील तर अर्ज परत.

फ्लॅगसाठी जागाच न ठेवण्याची चूकही पुष्कळदा झाली. पाइप, डप, अ‍ॅक्सेप्ट हे कॉल नवी फाइल हातात देतात, पण ‘दुसरा प्रोग्राम सुरू झाला की ही बंद कर’ असे त्याच अर्जात सांगायला त्यांत रकाना नव्हता. ते नंतर वेगळ्या कॉलने सांगावे लागे. अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) असलेल्या प्रोग्राममध्ये या दोन कॉलच्या फटीत दुसऱ्या थ्रेडने नवा प्रोग्राम सुरू केला, की उघडी फाइल नको त्या हाती जाई. प्रोग्राम लिहिणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी ही फट त्याला बुजवता येत नव्हती. अखेर २००८मध्ये पाइप२, डप३, अ‍ॅक्सेप्ट४ आले. शेवटचा आकडा इथे अर्गुमेंटांची संख्या सांगतो. ओपनअ‍ॅट२ आणि क्लोन३ यांत तो आवृत्ती सांगतो. गाव नमुन्यांची शिस्त इथे नाही, हे मान्य करावे लागते.

याच्या उलट टोकाला आयऑक्टल. १९७९च्या, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आलेला हा कॉल म्हणजे ‘इतर’ असा रकाना : उपकरणाचा हवा तो आदेश क्रमांक घाला, सोबत हवी ती माहिती जोडा. सोय इतकी झाली की आज असंख्य उपकरणांचे व्यवहार त्याच्या पोटात आहेत, आणि त्यांचा एकसंध तपास करणे जवळपास अशक्य होऊन बसले आहे.

कर्नलने प्रोग्रामवर विश्वास ठेवायचा नाही, हे गृहीतच असते. पण अविश्वासही क्रमाने दाखवावा लागतो. प्रोग्रामने मेमरीतला पत्ता दिला, कर्नलने तिथली माहिती तपासली आणि वापरताना पुन्हा तिथूनच वाचली, तर मधल्या क्षणात दुसरा थ्रेड ती बदलू शकतो. तपासला एक कागद, शिक्का बसला दुसऱ्यावर. म्हणून आधी आपल्याकडे प्रत करून घ्यायची आणि तपासणी त्या प्रतीची करायची. अ‍ॅक्सेस या कॉलचे दुखणे याच जातीचे. ‘ही फाइल उघडायचा हक्क आहे का’ असे विचारून नंतर ओपन करणाऱ्या प्रोग्रामला मधल्या वेळेत त्या नावाखाली दुसरीच फाइल ठेवून फसवता येते. इथे दोष उत्तराचा नाही. विचारणे आणि उघडणे वेगळे ठेवले तो खरा दोष.

रकान्याची रुंदी हा आणखी एक सापळा. युनिक्स वेळ १९७०च्या आरंभापासूनच्या सेकंदांत मोजते आणि ३२ बिटांच्या यंत्रणांत ही संख्या १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरून जाते. लिनक्सने ३२ बिट यंत्रांसाठी ६४ बिट वेळेचे वेगळे कॉल २०१९मध्ये, ५.१ आवृत्तीत दिले. जुने कॉल अर्थातच तसेच राहिले. नाशिककरांच्या हिशेबात सांगायचे तर २०२७च्या सिंहस्थानंतरचा सिंहस्थ येण्याआधीच हा क्षण उजाडेल. कारखान्यांतल्या यंत्रांवर बसवलेले नियंत्रक सहज दशकभर चालतात, त्यामुळे प्रश्न वाटतो तितका लांबचा नाही.

करार नेमका कोणत्या रेषेवर करायचा, याबाबत सगळ्यांचे एकमत नाही. लिनक्स क्रमांकांचीच हमी देतो. विंडोजमध्ये ते आवृत्तीगणिक बदलतात. हमी असते ती कर्नलच्या वर बसलेल्या लायब्ररीतल्या, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचातल्या, फंक्शनांची. मॅकओएसही लायब्ररीमार्फतच या म्हणते. गो भाषेचे प्रोग्राम तिथे बरीच वर्षे थेट कॉल करत होते. मॅकओएस सिएरा या आवृत्तीच्या वेळी वेळ विचारण्याच्या कॉलचे वागणे बदलले आणि ते प्रोग्राम बिघडू लागले. पुढे गोनेही लायब्ररीचा रस्ता धरला. लायब्ररीची हमी दिली की आतली डागडुजी मोकळेपणाने करता येते. पण लायब्ररी आणि कर्नल वेगवेगळे लोक सांभाळत असतील तर हे जमत नाही, आणि लिनक्सची गोष्ट तशीच आहे. थ्रेडचा क्रमांक सांगणारा गेटटिड हा कॉल कर्नलमध्ये वर्षानुवर्षे होता. लिनक्सवरच्या जीलिबसी या लायब्ररीने त्याचे फंक्शन दिले ते २०१९मध्ये.

खिडकीवर जायला वेळ लागतो, म्हणून हेलपाटे वाचवण्याच्या युक्त्याही इंटरफेसचाच भाग झाल्या आहेत. घड्याळ पाहण्यासारखी बिनधोक कामे व्हीडीएसओ या सामायिक पानामुळे कर्नलमध्ये न जाता होतात. २०१८मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटीवरच्या उपायाने अनेक प्रोसेसरांवर प्रत्येक फेरी महाग केली. २०१९मध्ये आलेला आयओ-यूरिंग अर्जांची अख्खी चळत सामायिक मेमरीत ठेवू देतो. मात्र या वाटेने झालेली कामे कॉल गाळणाऱ्या सेककॉम्प या चाळणीला दिसत नाहीत, त्यामुळे सुरक्षेची काळजी असणारे त्यापासून जरा दूरच राहतात.

नाशिकची बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथल्या प्रात्यक्षिकांत फोर्क, एक्झेक आणि वेट (प्रोग्राम सुरू करायचे आणि तो संपेपर्यंत थांबायचे कॉल) यांची ओळख तिसऱ्या वर्षापर्यंत होते. हौशी विद्यार्थी लिनक्समध्ये स्वतःचा कॉल घालून पाहतात : क्रमांकांच्या तक्त्यात एक ओळ, एक छोटे फंक्शन, मग लॅबच्या संगणकावर कर्नल कंपाइल होईपर्यंत चहाच्या दोन फेऱ्या. (घाई असेल त्याने प्रोग्रामने केलेले कॉल दाखवणारे एसट्रेस लावून, फाइलींची यादी देणाऱ्या साध्या एलएस आज्ञेमागचे कॉल मोजावेत, तेही पुष्कळ शिकवून जाते.) ओळ बहुधा तक्त्याच्या तळाशी घातली जाते आणि विद्यार्थ्याच्या कॉलला ५४८च्या आसपासचा क्रमांक मिळतो. तळाशी एवढा मोठा आकडा का, याचा खुलासा त्याच फाइलमधल्या टीपेत आहे : एक्स३२ (६४ बिट प्रोसेसरवर ३२ बिट पत्ते वापरण्याची पद्धत) या प्रकारासाठी काही कॉलना वेगळे क्रमांक दिले गेले, ती रचनेतली ऐतिहासिक चूक होती, आणि ५१२ ते ५४७ या पट्ट्यात आता नवे काही घालू नये.