विंडोज ११ टाकायचं का? आधी हे वाचा, मग दुकानात या

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून काउंटरवर रोज तोच प्रश्न, आमचा कॉम्प्युटर आता बंद पडणार का ओ? नाही पडणार. आज चालू होतोय तसाच उद्याही होईल, फाईली उघडतील, प्रिंट निघेल, पिक्चर दिसेल. बंद झालंय ते एवढंच की विंडोजमध्ये व्हायरस किंवा हॅकर घुसेल असं एखादं नवीन भोक सापडलं तर ते बुजवायचं अपडेट आता आपोआप येणार नाही. म्हणून घाबरून लगेच नवीन मशीन घ्यायला येऊ नका (धंदा आमचाच बुडतोय, तरी सांगतोय), पण विषय विसरूनही जाऊ नका.

आमच्याकडं कोणी आलं की आम्ही कॉम्प्युटर किती जुना आहे हे नंतर विचारतो, आधी विचारतो की त्यावर करता काय. ज्या मशीनवरनं बँकेचे व्यवहार होतात, जीएसटी भरला जातो, पोरांचे महाडीबीटीचे नि सीईटीचे फॉर्म भरताना आधार कार्ड अपलोड होतात, त्या मशीनला सिक्युरिटी अपडेट मिळालंच पाहिजे, तिथं चालढकल नको. पण आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोडला एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात मागच्या खोलीत एक जुना डबा असतो, त्यावर डॉसमधला हिशोबाचा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं चाललाय, नेटची वायरसुद्धा जोडलेली नाही, त्याला बिलकुल हात लावू नका. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि ६४ बिट विंडोजवर ते १६ बिटवाले जुने प्रोग्रॅम उघडतच नाहीत. नेट नाही म्हणजे धोकाही कमी, फक्त कुणाचाही पेनड्राइव्ह त्यात खुपसू देऊ नका.

अपडेटला एवढं काय घेऊन बसलाय असं काही जण म्हणतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, फाईली लॉक करून पैसे मागायचा. ते भोक बुजवायचं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं, आणि ज्यांना फटका बसला त्यात सगळ्यात जास्त विंडोज ७ ची मशीन होती, म्हणजे तेव्हा सपोर्ट चालू असलेली, फक्त अपडेट न मारलेली. तेव्हा विंडोज ११ टाकून घेतलं आणि नेट संपतंय म्हणून अपडेट बंद करून ठेवलं, तर आमची मजुरी फुकट गेली असं समजा.

आता मशीन चालणार का ते. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारी चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन चालू होताना भलतंच काही घुसू न देणारी सोय) लागतं, पण खरी अडचण प्रोसेसरची येते. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा पाहिजे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाऊट उघडा, तिथं प्रोसेसरचं नाव दिसेल. आय५-७२०० असं काही असेल तर सातवी जनरेशन, म्हणजे नाही. आय५-८२५० असेल तर आठवी, चालेल. आय३-६००६ असेल तर सहावी, नाही. १०२१० वगैरे पाच आकडे असतील तर पहिले दोन धरायचे, दहावी. नुसतं आय५ आहे म्हणून छाती फुगवायची नाही, पहिल्या जनरेशनचाही आय५ असतोय. एएमडी रायझनचा नंबर मात्र फसवतो, २६०० चालतो पण २२००जी आणि २५००यू यादीत नाहीत, त्यामुळं अंदाज बांधण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट ॲप आहे ते चालवा, ते सरळ हो का नाही सांगतं.

त्यात टीपीएम नाही असं आलं तरी लगेच निराश होऊ नका. आठव्या जनरेशननंतरच्या बऱ्याच असेंबल मशीनमध्ये टीपीएम असतंच, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) बंद ठेवलेलं असतं, इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम नावानं. पण कृपा करून व्हिडिओ बघून स्वतः बायोसमध्ये घुसू नका. आपल्याकडं बरीच असेंबल मशीन जुन्या लेगसी पद्धतीनं विंडोज टाकलेली आहेत, तिथं हार्डडिस्क जीपीटी या नव्या मांडणीत न बदलता नुसतं युईएफआय (बूट व्हायची नवी पद्धत) चालू केलं की विंडोज बूटच होत नाही आणि मग रात्री अकराला फोन येतो. दुसरं म्हणजे लॅपटॉपमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर बायोस बदलल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सेव्ह असते, पण ते अकाउंट पोरानं काढून दिलेलं, पोरगं पुण्याला, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. की मिळाली नाही तर डेटा आम्हीच काय, कुणीच काढून देऊ शकत नाही. म्हणून आधी की शोधून वहीत लिहून ठेवा.

विंडोज ११ च्या नियमात मशीन बसत नसेल तर काय? विंडोज १० ला अजून एक सोय आहे, ईएसयू म्हणतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात. विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन पाहिजे आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन पाहिजे, सेटिंग्ज सिंक करायला परवानगी दिली की पैसे लागत नाहीत, नाहीतर ३० डॉलर भरायचे. अपडेटच्याच पानावर एनरोलचं बटण दिसतं. म्हणजे सहावी-सातवी जनरेशनवाल्यांनी आज घाई करायचं कारण नाही, तेवढ्या वेळात पैसे जमवा, मग ठरवा. डिफेंडर अँटिव्हायरसच्या व्याख्या विंडोज १० ला २०२८ पर्यंत येत राहणार आहेत, पण तेवढ्यावर विसंबू नका, अँटिव्हायरस विंडोजमधलं भोक बुजवत नाही.

प्रोसेसर-टीपीएमचा चेक बायपास करून जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकून देतो असं कुणीतरी तुम्हाला सांगणारच. टाकता येतं, खोटं नाही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही, आणि दर वर्षीचं मोठं अपडेट हातानं टाकत बसावं लागतं. कोअर टू ड्युओ या फार जुन्या प्रोसेसरवर तर विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन बूटच होत नाही. ज्यावर बँक चालते त्या मशीनवर आम्ही हे करून देत नाही, कितीही ओळख असली तरी.

नुसतं ब्राउझर, यूट्यूब, मराठी टायपिंग एवढंच काम असेल तर जुन्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून घ्या, फुकट आहे, अपडेट येतात, हलकं चालतं. टॅली किंवा डिजिटल सहीचा डीएससी टोकन (पेनड्राइव्हसारखा असतो तो) लागत असेल तर मात्र त्या वाटेला जाऊ नका, वैताग येईल.

विंडोज ७ वाले अजून बरेच आहेत सोलापुरात. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला, क्रोमनंही २०२३ मध्ये साथ सोडली. पूर्वी विंडोज ७ ची की टाकून पुढचं विंडोज फुकट ॲक्टिव्ह व्हायचं, सप्टेंबर २०२३ पासून मायक्रोसॉफ्टनं तेही बंद केलं. ओरिजिनल विंडोज १० असेल तर ११ फुकट मिळतं, ॲक्टिव्हेटर मारून चोरीचं चालवलेलं असेल तर ११ मध्येही ते बिनलायसनचंच राहणार.

कागदावर ४ जीबी रॅम चालते म्हणतात, आम्ही म्हणतो ८ जीबी करा आणि हार्डडिस्क काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर विंडोज ११ म्हणजे बटण दाबा आणि चहा करून या. आम्हाला विचाराल तर आठव्या-नवव्या जनरेशनच्या मशीनला नवीन घेण्यापेक्षा एसएसडी लावलेली केव्हाही परवडते.

बॅकअपचं नीट वाचा. डी ड्राइव्हवर कॉपी करून ठेवलंय म्हणजे बॅकअप झाला असं निम्म्या लोकांना वाटतंय, अहो सी आणि डी बहुतेक एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात, डिस्क गेली की दोन्ही गेले. बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी घ्या, त्यात डेस्कटॉप आणि डाउनलोड्स विसरू नका, टॅलीचं डेटा फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाईल (मेल त्यात असतात), लग्नाचे फोटो, आणि ब्राउझरमधले पासवर्ड. प्रिंटर आणि बायोमेट्रिकचा विंडोज ११ साठी ड्रायव्हर (ते यंत्र चालवणारा प्रोग्रॅम) आहे का ते आधी बघा, ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटवर चालत नाही. आणि ३२ बिट विंडोज १० असेल तर वरच्या वर अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नव्यानं टाकावं लागतं. जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला डोंगल (लायसनसाठी मशीनला लावायची चावी) असेल तर तोही आधी तपासायचा.

घरीच करणार असाल तर लॅपटॉप चार्जिंगला लावून आणि डेस्कटॉप यूपीएसवर ठेवून करा. वळवाच्या पावसाच्या दिवसांत संध्याकाळी लाईट जातेच, त्या वेळेला बसू नका. अपग्रेड केल्यावर आवडलं नाही तर पहिले १० दिवस परत विंडोज १० वर जाता येतं, सेटिंग्जमध्ये रिकव्हरीत गो बॅक आहे, म्हणून त्या दिवसांत जागा मोकळी करायची म्हणून डिस्क क्लीनअप मारू नका, जुनं विंडोज त्यातच उडतं. स्टार्ट बटण मधोमध गेलं म्हणून दोन दिवस चिडचिड होते, टास्कबार सेटिंगमधनं ते डावीकडं आणता येतं. वनड्राइव्ह डेस्कटॉपच्या फाईली स्वतःकडं ओढतं आणि फुकटची ५ जीबी भरली की ओरडायला लागतं, नको असेल तर सांगा, आम्ही बंद करून देतो.

एक फसवणूक चालते, तुमचं विंडोज एक्स्पायर झालंय म्हणून फोन येतो किंवा स्क्रीनवर नंबर चमकतो, मग ॲप टाकायला सांगून मशीनचा ताबा घेतात. मायक्रोसॉफ्ट कुणाला असा फोन करत नाही. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन लावा, आमच्याकडं नंतर या.

येताना डेस्कटॉपचा नुसता सीपीयू आणा, मॉनिटर, कीबोर्ड कशाला उचलून आणताय. लॅपटॉप असेल तर चार्जर आणा, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो फोन बरोबर असू द्या, तो घरी राहिला की काम तिथंच अडकतंय. एसएसडी असेल तर सकाळी दिलेलं मशीन बहुतेक संध्याकाळी मिळतं, जुनी हार्डडिस्क आणि भरपूर डेटा असेल तर दुसरा दिवस धरून चाला.